भिवराची विरळणी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही; पाट मात्र आठवतो. तलावातून निघालेला तो पाट चार मळ्यांपाशी येऊन संपायचा. उन्हाळ्यात त्यात एका वेळी एकाच मळ्याला पुरेल इतकं पाणी असे, आणि प्रत्येकाची पाळी आठ दिवसांची. मग पहिली पाळी कुणाची?

डोकी फोडून घेण्यापेक्षा पत्ते बरे, असं कुणा शहाण्यानं ठरवून दिलं होतं. दर उन्हाळ्यात चारही मळेवाले चिंचेखाली बसून तीन दिवस खेळत. प्रत्येकाला शंभर चिंचोके आणि दर डावाला तीन पानं. पाळी आली की एक चिंचोका मध्ये टाकायचा, फार तर दोन. त्याहून जास्त नाही. पानं पसंत नसतील तर पालथी टाकून गप्प बसायचं. शेवटी उरलेल्यांत ज्याची पानं भारी, त्याचा डाव आणि मधले सगळे चिंचोके; एकटाच उरला, तर पानं न दाखवताही त्याचेच. तिसऱ्या दिवशी ज्याच्यापाशी चिंचोके जास्त, त्याला पहिलं पाणी, आणि सगळ्यात कमी असलेल्याला शेवटचं.

त्या वर्षी भिवरा पहिल्यांदाच खेळायला बसली. आजवर तिचा नवरा बसायचा. तो गेला होता. त्याच्यामागं तिनं एकटीनं काकडी टोकली होती आणि कोवळी रोपं घागरीनं पाणी घालून जगवली होती. आता विहिरीनंही तळ गाठला होता. शेवटची पाळी आली असती, तर पाणी येईपर्यंत मळ्यात नुसता पाचोळा उरला असता.

पहिल्या दिवशी तिच्यानं एकही डाव सोडवेना. हाती आलेलं टाकायचं कसं? एकटी राणी आली तरी तिला वाटे, कुणी सांगावं, बाकीच्यांकडे याहून वाईट असेल. आणि एकेक चिंचोका टाकत ती शेवटपर्यंत जाई. संध्याकाळी तिचा ढीग अर्ध्यावर आला.

दुसऱ्या दिवशी तिनं चाल बदलली. हातात काही नसलं तरी ऐटीत दोन चिंचोके टाकायचे आणि भुवई चढवायची. शेजारच्या मळ्याचे कोंडाजीमामा पानांवरून डोकं वर काढत, "बघू तरी!" म्हणत. बाकीचे दोघेही म्हणत, "बघू तरी!" आणि भिवराचं पितळ उघडं पडे.

घरी जाताना तिचे डोळे भरून आले. कोंडाजीमामा बरोबरच चालत होते. ते म्हणाले, "पोरी, थाप चालायला समोरच्यानं घाबरायला हवं. दोन चिंचोक्यांना कोण घाबरतंय? आम्हाला तर बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

"मामा, माझी रोपं जळतील हो."

"माझीही वांगी आहेत, बाई. खेळताना मी तुला सोडणार नाही. पण आपल्यात कोण कसं खेळतं, ते तरी बघत जा."

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवरा सवयीनं मळ्यात गेली. एकेका आळ्यात तीन बिया टोकलेल्या. आता बोटभर रोपं झाली होती. जोमाचं एक ठेवून ती बाकीची दोन उपटत चालली. उपटलेल्या रोपांसाठी तिनं कधी हळहळ केली नव्हती. तिन्ही ठेवली, तर तिन्ही खुरटतात. हातातल्या रोपांकडे बघत ती थांबली आणि स्वतःवरच हसली. मळ्यात कळतं ते चिंचेखाली कसं कळलं नाही गं तुला, बाई?

त्या दिवशी तिनं डावामागून डाव पालथे टाकले. मंडळी चेष्टा करू लागली, "भिवरा झोपली की काय?" ती झोपली नव्हती, सगळ्यांना बघत होती. चांगली पानं आली की मात्र ती दर वेळी दोन चिंचोके टाकी. सवयीनं सगळे म्हणत, "बघू तरी!" आणि बघण्यापायी आपले चिंचोके तिच्या ढिगात घालत.

शेवटच्या डावाला भिवरा सगळ्यांच्या पुढे होती, कोंडाजीमामांहून अवघ्या सहा चिंचोक्यांनी. बाकीच्या दोघांनी सुरुवातीलाच पानं टाकली. भिवराकडे अठ्ठ्यांची जोडी होती. तिनं एक चिंचोका टाकला. कोंडाजीमामांनी शांतपणे दोन टाकले. भारी पानं असल्याशिवाय मामा दोन टाकत नाहीत, हे तिनं तीन दिवस पाहिलं होतं. जोडी सोडवत नव्हती. पण तिला आपली रोपं आठवली, आणि तिनं पानं पालथी ठेवली.

मामांनी आपली पानं उलटली आणि खो खो हसले. एक दुरी, एक चौका, एक नव्वा. "जन्मात पहिली थाप मारली, आणि लागली की गं!"

सगळे भिवराकडे बघू लागले. हातचा डाव गेला, आता ही रडणार. तिनं आपल्या अठ्ठ्या दाखवल्या आणि म्हणाली, "विरळताना एखादं जोमाचं रोपही उपटलं जातं, मामा. त्याच्यासाठी का मळा सोडून रडत बसायचं?"

चिंचोके मोजले गेले. भिवरा चारांनी पुढे होती. कोंडाजीमामा स्वतः उठले, कुदळ घेतली आणि पाटाचं पाणी तिच्या मळ्याकडे वळवून आले.

ज्याला नको ते वेळेवर सोडता येतं, त्याच्यापाशीच हवं ते जगवण्यापुरतं बळ उरतं.