नवी वेबसाइट आणि मृण्मयीचं स्थळ

आमच्या वधूवर मंडळाची नवी वेबसाइट तयार झाली आणि अध्यक्ष मुजुमदारकाकांनी फर्मान काढलं, "जुनी आजच बंद! जुन्या लिंकबिंक काही ठेवायच्या नाहीत."

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे माझा गोंधळच उडाला. "काका, मुलीचं लग्न ठरलं की आपण तिचं पान काढून टाकतो ना?"

"अर्थात! सगळ्यांना माहितीय."

"मग काल तुम्ही नाशिकच्या मुलाकडच्या मंडळींना तुमच्या लेकीच्या, मृण्मयीच्या पानाची जुनी लिंक पाठवलीत. उद्या ती उघडलीच नाही, तर ते काय समजतील?"

मीच पुढे म्हटलं,

"म्हणजे मृण्मयीचं लग्न जमलं, आणि मला पेढासुद्धा नाही?"

काका वेबसाइटवाल्यावर ओरडले, "अहो, जुन्या लिंकवरून माणूस थेट नव्या पानावर पोचला पाहिजे! आणि आधी मृण्मयीचं करा!"