चुरमुरेवाली आणि चांदीचा बिल्ला

नदीच्या वळणावर एक बाजाराचे गाव होते आणि त्या गावात चुरमुरे भाजणारी एक बाई राहत असे. तिचा नवरा डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव चुरमुरे विकायचा. अंगणात दोन भट्ट्या होत्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर तिची सासू. कढईतल्या तापलेल्या वाळूत तांदूळ पडले की क्षणात फुलून वर यायचे आणि सगळ्या आळीला खमंग वास सुटायचा.

चुरमुरेवाली व्यवहाराला चोख होती. माप भरले की वर शीग, म्हणजे काठाबाहेरची रास, लावल्याशिवाय ती कुणाच्या पिशवीत चुरमुरे ओतत नसे.

एका पावसाळ्यात तिचे छप्पर गळाले आणि तांदळाची पोती भिजून कुबट झाली. मग ती कोठारवाल्या शेठकडे गेली. शेठची रीत अशी, की ज्याच्यावर विश्वास बसेल त्याला तो एक पितळी बिल्ला द्यायचा. बिल्ला दाखवावा आणि तांदूळ घेऊन जावे. घेतलेले तांदूळ सवडीने परत केले तरी चालत. तोवर दर बाजाराच्या दिवशी पायलीमागे एक ओंजळ वर द्यायची, एवढेच. ओंजळ मात्र शेठच्या हाताने मोजायची, आणि शेठचे हात सुपाएवढे होते.

चुरमुरेवालीने दहा पायल्या तांदूळ घेतले. त्या दिवसापासून एकही बाजार तिने चुकवला नाही. अंगात ताप असला तरी ओंजळी पोचत्या झाल्या. शेठ खूश झाला. ती आली की तो स्वतः उठून चटई अंथरायचा, गूळपाणी मागवायचा आणि बसलेल्या लोकांना सांगायचा, "माणूस असावं तर असं! आमच्या वहिनींनी कधी आजचं उद्यावर नेलं नाही."

एके दिवशी शेठने प्रत्येक पायलीमागे दोन ओंजळी घेतल्या. तिला वाटले, मोजताना चूक झाली असेल. पण पुढच्या बाजारी पुन्हा दोन. महिनाभराने तीन!

घरी मापे रिकामी दिसू लागली. भाजायला आणलेले तांदूळ शेठच्या ओंजळींत जाऊ लागले. शेवटी सासूची भट्टी विझवावी लागली. आता एकच भट्टी उरली होती. तीही विझली असती, तर घरातली चूलही विझली असती.

चुरमुरेवाली हिय्या करून शेठकडे गेली.

"शेठ, माझं काही चुकलं का?"

"छे छे! तुमचं आणि चुकेल? काय बोलता वहिनी!"

"मी कधी उशीर केला?"

"कधीच नाही."

"मग एकाच्या तीन ओंजळी कशा झाल्या?"

"दर वाढलाय."

"कोणी वाढवला?"

"वाढला."

"अहो, कोठार तुमचं, तांदूळ तुमचे, ओंजळही तुमचीच. मग वाढवला कोणी?"

"असं कुणा एकाचं नाव कसं सांगता येईल?" शेठ हळहळत म्हणाला. "कोठारात उंदीर झालेत. शिवाय चार लोक तांदूळ घेऊन गेले ते फिरकलेच नाहीत. त्याची भरपाई नको का व्हायला?"

"मग त्या चौघांकडून घ्या ना!"

"ते देत नाहीत ना वहिनी! तोच तर सगळा घोळ आहे."

चुरमुरेवालीने मनातल्या मनात हिशेब केला. जे देत नाहीत त्यांच्याकडून मागायचे नाही, आणि जी देते तिच्याकडून तिप्पट घ्यायचे. तिने कपाळाला हात लावला.

शेठला ते बघवले नाही. त्याने पेटी उघडून एक चकचकीत चांदीचा बिल्ला काढला आणि सर्वांसमक्ष तिच्या हातात ठेवला. "नाराज होऊ नका. हा तुमचा मान. पितळी बिल्ल्यावर दहा पायल्या मिळतात, यावर पन्नास न्या. महिन्याभरात जत्रा आहे. गाडीभर तांदूळ उचला!"

ओंजळी कमी करा म्हणून सांगायला ती गेली होती आणि आणखी कर्ज घेण्याची परवानगी घेऊन परत आली.

सासू मात्र हरखली. तिने बिल्ल्याला हळदकुंकू लावले आणि शेजारणींना हाक मारून दाखवला.

"आळीत आहे का कुणाकडे चांदीचा? आमच्या सुनेला मिळाला!"

"आई, त्याने भट्टी पेटत नाही हो," सून वैतागून म्हणाली.

"तुला कशाचं कौतुकच नाही. जत्रेत लाडूंचे डोंगर रचू, डोंगर! खालच्या आळीतल्या चकलीवाल्यानेसुद्धा चांदीच्या बिल्ल्यावर दोन गाड्या तांदूळ उचललेत. आपण काय माश्या मारायच्या?"

सुनेला रात्री नीट झोप लागली नाही. सासूचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जत्रा वर्षातून एकदा यायची.

पुढच्या बाजारी ती शेठकडे बसली असताना एक मेंढपाळ आला. त्याने खांद्यावरचे पोते खाली ओतले. आठ दिवसांपूर्वी नेलेल्या दोन पायल्या आणि वरच्या ओंजळी, सगळे एकदम.

शेठने मान वर केली नाही. "ठेव तिकडे."

"शेठ, जरा पाणी मिळेल का?"

"बाहेर विहीर आहे."

चुरमुरेवालीच्या हातात गूळपाण्याचा पेला होता. तिला संकोच वाटला. ती मेंढपाळाच्या मागोमाग बाहेर आली. "दादा, तुमचं आणि शेठचं काही वाकडं आहे का?"

"वाकडं कशाला असेल?" पोहरा वर ओढत मेंढपाळ म्हणाला. "घेतलं तेवढं देऊन मोकळा होतो. मला पाणी पाजून त्याला काय मिळणार?" मग तिच्याकडे पाहून तो हसला. "तुमच्यासाठी चटई घालतो वाटतं? चांगलंय. आमच्या कळपातपण जी मेंढी गप उभी राहते, तिला मी चुचकारतो, पाला घालतो आणि तिचीच लोकर पहिली कातरतो. मारकी असेल तिच्या वाटेला कोण जातो?"

"म्हणजे मी मेंढी?"

"मी कुठं तसं म्हटलं, बाई!" असे म्हणून तो हसतच निघून गेला.

ती रागाने घराकडे चालू लागली. अर्ध्या वाटेत तिचा राग मेंढपाळावरून स्वतःवर आला. इतके महिने आपण एकदाही चुकलो नाही, याचा तिला केवढा अभिमान होता! पण वरच्या ओंजळी तेवढ्या दिल्या. मूळ दहा पायल्या होत्या तिथेच होत्या. त्यातला एक दाणाही कमी झाला नव्हता. शेठला तिच्याकडून दहा पायल्या परत नकोच होत्या. त्याला दर बाजाराच्या ओंजळी हव्या होत्या, आणि त्या ती बिनबोभाट नेऊन देत होती.

दुसऱ्या दिवशी ती नदीपलीकडच्या वाडीत गेली. तिथल्या बायकांच्या घरी भाताच्या कणग्या भरलेल्या असत. लाजत लाजत तिने सगळे सांगितले. "दहा पायल्या तांदूळ हवेत. मी दर आठवड्याला मुळातली एक पायली आधी देईन, आणि उरलेल्यावर पायलीमागे एक ओंजळ. बिल्ला वगैरे मागू नका. तो आहे, पण त्याचा काही उपयोग नाही."

एक बाई सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "बिल्ला कशाला हवा? तू शीग लावून माप देतेस, ते आम्ही एवढी वर्षं बघतोच आहोत. पण ओंजळ माझ्या हाताची हं!"

"तुमच्या हाताची चालेल," चुरमुरेवाली घाईघाईने म्हणाली. त्या बाईचे हात छोटे होते.

पाच घरांतून दहा पायल्या जमल्या. ती पोती घेऊन थेट कोठारात गेली आणि शेठपुढे ओतू लागली.

शेठच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळले. "अहो, घाई काय होती? मी मागितले का?"

"नाही मागितले, म्हणूनच आणले."

"थांबा, थांबा. तुमच्यासाठी दर कमी करतो. दोन ओंजळी." ती ओततच राहिली. "बरं, एक ओंजळ! पहिल्यासारखी! आणि चांदीचा बिल्ला आहेच. जत्रेसाठी हवे तेवढे न्या."

तिचा हात थांबला. एक ओंजळ तर वाडीतही द्यायची होती. इथे त्याच दरात गाडीभर तांदूळ मिळत होते, जत्रा तोंडावर होती आणि घरी सासू वाट बघत होती.

"शेठ," तिने विचारले, "मी त्या दिवशी एवढी विनवणी केली, तेव्हा हे का नाही जमलं?"

शेठ सहज बोलून गेला, "तेव्हा तुम्ही सोडून कुठे चालला होता, वहिनी?"

 उरलेले पोते चुरमुरेवालीने तळापर्यंत झटकले, दोन्ही बिल्ले त्या ढिगाऱ्यावर ठेवले आणि ती घरी आली.

सासू दोन दिवस भांडी आदळत राहिली. जत्रेत त्यांच्याकडे लाडूंचे डोंगर नव्हते. घरात उरलेल्या एका पोत्याचे चुरमुरे, तेवढीच काय ती दोन टोपल्यांची पथारी. समोर चकलीवाल्याचे दुकान झगमगत होते. दुपारीच टोपल्या रिकाम्या झाल्या आणि पुढे येणारी गिऱ्हाइके परत पाठवताना सुनेचा जीव तीळतीळ तुटला.

"बघ, बघ," सासू पुटपुटली. "लक्ष्मी समोरच्या दारात चाललीये."

सून रिकाम्या टोपल्या एकात एक ठेवू लागली. 

जत्रा संपली. चकलीवाल्याची विक्री दणक्यात झाली होती, पण सगळी कमाई शेठच्या ओंजळींत गेली, कारण जत्रेच्या आठवड्यात दर पुन्हा वाढला होता. कोणी वाढवला, ते शेठला याही वेळी सांगता आले नाही.

चुरमुरेवाली दर आठवड्याला वाडीत जात राहिली. मुळातली पायली आधी, ओंजळी नंतर. दर खेपेला ओझे थोडे हलके होत गेले. हिवाळा सरता सरता शेवटची पायली चुकती झाली आणि त्या आठवड्याच्या विक्रीतून आणलेले छोटे पोते पहिल्यांदाच सगळेच्या सगळे घरी राहिले.

तिने विझलेली भट्टी सारवली आणि पेटवली.

"एवढ्याशा तांदळाला दोन भट्ट्या?" सासूने नाक मुरडले.

"एवढेसे असले तरी आपले आहेत, आई. यातले कुणाला द्यायचे नाहीत."

 सासू पदर खोचून आपल्या जागेवर बसली, झारा हातात घेतला आणि म्हणाली, "वाळू अजून तापली नाही. तुला घाई फार!"

तात्पर्य: जो आपल्या चोखपणाचे कौतुक करतो आणि त्याच तोंडाने दर वाढवतो, त्याच्या कौतुकाला भुलू नये. चांगले नाव ही आपली कमाई असते. ते घेऊन रास्त माप मिळेल तिथे जावे आणि वरच्या ओंजळींत समाधान न मानता मूळ आधी फेडावे.