म्हशीचा गुन्हा आणि भाचीचं लग्न

एका गावात एक भोळा मामा होता. नाव सटवाजी, पण अख्खी बोरवाडी त्याला मामाच म्हणायची. वयानं मोठी माणसंसुद्धा मामा म्हणायची, आणि मामा त्यांना भाचे समजून आशीर्वाद द्यायचा. खरी भाची मात्र एकच, गोजरा. बहिणीची, तानुबाईची लेक. तानुबाईला ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली, आणि ओढ्यापलीकडं दुसऱ्या राजाचं राज्य.

मामाला सांगितलेलं काम मामा सांगितल्याबरहुकूम करायचा. बरहुकूम म्हणजे अगदी बरहुकूम. एकदा पाटील म्हणाले, "वाटेत हैबतीची म्हैस आडवी बसलीय, ती जरा बाजूला कर." मामानं म्हैस उठवली आणि बाजूला केली. म्हणजे अर्ध्या कोसावर स्वतःच्या गोठ्यात नेऊन बांधली. परत आण असं पाटील म्हणाले नव्हते, म्हणून म्हैस तिथं आठ दिवस राहिली. हैबतीनं सगळा गाव पालथा घातला. म्हैस सापडली तेव्हा मामाला तीन दिवस चावडीत कोंडलं, आणि चावडीच्या वहीत लिहून ठेवलं: सटवाजी, गुन्हा म्हैसचोरीचा.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. गाव विसरला, हैबती विसरला, म्हैस तर आधीच विसरली होती. तेवढ्यात गोजराचं लग्न ठरलं. नवरदेव बोरवाडीचाच, पण लग्न मुलीच्या दारात. आता बोहल्यावर मुलीला मामानं आणायचं, ही आपली रीत. त्यातून गोजरा पाळण्यात असतानाच तिचा बाप गेलेला. तिला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली ती मामानं. तिनं आईला सांगून ठेवलं होतं, "मामानं हात धरला तरच मी बोहल्यावर चढणार. न्हाईतर न्हाई." पोरगी मामाच्याच वळणावर गेलेली. बोलली की बोलली.

आणि नेमकं त्याच महिन्यात पल्याडच्या राजाच्या तबेल्यातून एक घोडा चोरीला गेला. घोडा राजाच्या मेहुण्याच्या अंगणात खिंकाळतोय, असं लोक कुजबुजायचे. पण ते राणीसमोर कोण बोलणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. राजानं दवंडी पिटली, की परमुलखातल्या ज्या माणसाच्या नावावर गुन्हा असेल, त्याला राज्यात घ्यायचं नाही. ओढ्याच्या आपल्या बाजूच्या काठावर एक बांबू आडवा टाकला आणि दौलतराव नाकेदाराला हातात दंडुका देऊन बसवलं. दौलतराव माणूस वाईट नव्हता. नोकरीला भिऊन होता, इतकंच.

लग्नाला तीन दिवस होते. मामा नवं मुंडासं बांधून नाक्यावर गेला.

"नाव?" दौलतरावांनी विचारलं.

"सटवाजी."

"गाव?"

"बोरवाडी."

"कुणाकडं निघालास?"

"भनीकडं. भाचीचं लगीन हाय."

"नावावर काही गुन्हा?"

"हाय की." मामा खूश झाला. आपल्याला येणारंच विचारलं की कुणीही खूश होतो. "म्हैसचोरीचा. एक शिंग वाकडं व्हतं तिचं. चार शेर दूध द्यायची."

"परत जा."

"अवो साहेब, मी खरं सांगितलं की."

"म्हणूनच परत जा."

मामा घरी आला. सुंद्रामामीनं कपाळाला हात लावला. "अवो, जुनी मढी कशाला उकरत बसलात? कुणी जुनंपानं काढलं, तर म्हणायचं, लई दिस झालं, आता ध्यानात न्हाई."

"बरं," मामा म्हणाला.

मामा 'बरं' म्हणाला की मामीच्या पोटात गोळा उठायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो गोळा कधी खोटा ठरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा परत नाक्यावर.

"नाव?"

मामानं विचार केला. नाव बारशाला ठेवलेलं. बारशाला झाली पन्नास वर्षं. "लई दिस झालं, आता ध्यानात न्हाई."

"गाव?"

गाव तर पणजोबाच्याही आधीचं. "लई दिस झालं, आता ध्यानात न्हाई."

"अरे, निघालास तरी कुणाकडं?"

बहीण चाळिशी ओलांडलेली. "लई दिस झालं, आता ध्यानात न्हाई."

दौलतरावांनी दंडुका आपटला. "मग गुन्हा तरी ध्यानात आहे का?"

गुन्ह्याला नऊच वर्षं झालेली. म्हैस अजून दूध देत होती. म्हणजे ही काही जुनी गोष्ट नव्हे. "त्यो हाय की ध्यानात. म्हैसचोरीचा."

दौलतराव मिशीतल्या मिशीत हसले. पण मामाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "साहेब, पोर वाट बघती हो," तो म्हणाला, आणि दौलतरावांचं हसू मावळलं. त्यांनाही एक लेक होती.

"हे बघ," ते म्हणाले, "तुझ्या गुन्ह्यापायी ज्याला त्रास झाला, त्याला इथं घेऊन ये. त्यानं माझ्यासमोर मान डोलावली, की मी वर कळवतो, माणूस सुधारला म्हणून."

"बरं," मामा म्हणाला.

घरी येईस्तोवर मामा एकच विचार करत होता. त्रास कुणाला झाला? हैबतीला? छे. त्याला आठ दिवस धार काढावी लागली नाही, वैरण कापावी लागली नाही. पाटलांना? त्यांची तर वाट मोकळी झाली. त्रास झाला तो म्हशीला. परक्या गोठ्यात राहिली, वाळलं गवत खाल्लं, रेडकासाठी हंबरली. मामाला नऊ वर्षांनी तिची फार दया आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो हैबतीच्या गोठ्यात गेला, म्हैस सोडली आणि निघाला. हैबती घरात नव्हता. त्याला विचार, असं नाकेदारानं सांगितलंही नव्हतं.

"ही कोण?" दौलतरावांनी विचारलं.

"जिला तरास झाला ती."

"अरे, ही म्हैस आहे."

"व्हय. तीच ती."

"विचारून आणलीस का?"

"इचारलं की. काय बोलली न्हाई."

तेवढ्यात म्हशीच्या नाकावर माशी बसली, आणि म्हशीनं मान चांगली दोनदा खालीवर केली.

"बघा, डोलावली," मामा म्हणाला आणि बांबूखालून जायला वाकला.

मागून हैबती काठी घेऊन धावत आला. घामानं निथळत होता. "पुन्हा नेलीस व्हय रं?"

"नेली न्हाई. दाखवाया आणली."

हैबतीनं एकदा मामाकडं पाहिलं, एकदा नाकेदाराकडं, एकदा म्हशीकडं. मग काठी टाकली, मटकन खाली बसला आणि ठसका लागेपर्यंत हसला. हसून झाल्यावर त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मग मात्र त्याला राग आला.

"साहेब, चोर कधी म्हैस घिऊन नाक्यावर येतो व्हय?"

"पण वहीत लिहिलंय."

"वहीत तीन दिसांची शिक्षाबी लिहिलीय. ती ह्यानं भोगली. फिटलं. आता जलमभर माझी म्हैस ह्याच्या गळ्यात बांधणार का? म्हैस माझी, राग माझा, मी सोडला. तुमचं काय जातंय?"

"माझी नोकरी जातेय," दौलतराव म्हणाले. "आज ह्याला सोडला. उद्या खरा चोर आला नि म्हणाला मलाही सोडा, तर काय सांगू?"

"खरा चोर तुमाला सांगंल व्हय, की मी चोर हाय म्हणून?"

 हे दवंडी पिटताना राजाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दौलतरावांनी बांबूवरची धूळ झटकली. मग हळूच म्हणाले, "उद्या लग्न. मलाही आवतण आहे. मी सकाळीच मांडवात जाणार. नाक्यावर कुणी नसेल." आणि त्यांनी मामाकडं बघून डोळा मिचकावला. "समजलास?"

"समजलो. डोळ्यात काय गेलं का साहेब?"

म्हैस घेऊन परत येताना हैबती म्हणाला, "देवमाणूस हाय रं. ज्यानं आपलं भलं केलं, त्याचं काम कधी उघडं पडू देऊ नये. आपण हातभार लावावा."

"बरं," मामा म्हणाला. हैबतीला मामाशी संसार करायचा नव्हता, म्हणून त्याच्या पोटात गोळा उठला नाही. आणि मामी त्याच दिवशी मदतीला म्हणून पुढं गेली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामा शिदोरी काखेत मारून नाक्यावर पोचला. कुणी नव्हतं. बांबू आडवा, दंडुका बांबूला टेकवलेला, बसायचा दगड रिकामा. मामाला ते बघवेना. देवमाणसाचं काम असं उघडं पडलेलं. मामानं दंडुका घेतला आणि दगडावर बसला.

आधी दोन माणसं आली. एकाच्या खांद्यावर पहार, दुसऱ्याच्या काखेत रिकामं पोतं.

"नावावर काही गुन्हा?" मामानं विचारलं.

"छे, छे. आम्ही सरळमार्गी माणसं."

"जावा," मामा म्हणाला, आणि वर त्यांना रामराम केला.

मग वऱ्हाड आलं. पुढं भटजी. मामानं त्यांनाही विचारलं. भटजींना वाटलं, मुलीचा मामा थट्टा करतोय. लग्नघर म्हटलं की थट्टा चालायचीच. "आहे बाबा. लहानपणी शेजारच्या परड्यातली जास्वंद चोरली होती. पूजेसाठी."

"परत जावा."

नवरदेव हसत म्हणाला, "मी पाटलांच्या मळ्यातला ऊस मोडलाय."

"परत जावा."

वरमाई म्हणाली, "जावेची परात आणलेली, ती अजून माझ्याच घरात हाय." सनईवाला म्हणाला, "मी बेसूर वाजवतो, ते धरता का?" मामानं तेही धरलं. बघता बघता अख्खं वऱ्हाड अलीकडच्या काठावर बाभळीखाली बसलं. आता कुणी हसत नव्हतं. मुहूर्त जवळ येत होता.

वऱ्हाड अजून कसं नाही म्हणून दौलतराव मांडवातून पळत आले आणि बघतच राहिले. "अरे मामा, सोड सगळ्या वऱ्हाडाला."

"गुन्हेगार हायती, साहेब."

"असू देत. मी नाकेदार, मी सांगतो. वऱ्हाड सोड."

"बरं," म्हणून मामानं बांबू उचलला. भटजी धोतर सावरत धावले, नवरदेव बाशिंग धरून धावला, बेसूर सनई धावत धावत वाजली. दौलतरावही त्यांच्याबरोबर धावले. मामा मागोमाग येतोय, असं सगळ्यांनाच वाटलं.

मांडवात अंतरपाट धरला. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मामा कुठंच नव्हता. भटजींनी पुन्हा हाक दिली. तानुबाईचा जीव खालीवर झाला. गोजरा आतून बाहेर आली, मांडवभर नजर फिरवली, आणि मुंडावळ्या बांधलेली तशीच नाक्याकडं पळत सुटली. तिच्यामागं मामी, मामीमागं दौलतराव, त्यांच्यामागं सगळं लग्न. मांडवात दोनच माणसं उरली, पहारवाला आणि पोतंवाला. त्यांनी तांब्याची दोन घंगाळी उचलली आणि सरळ मार्गानं निघून गेले.

नाक्यावर दंडुका जागच्या जागी टेकवलेला होता. मामा अलीकडच्या काठावर बाभळीखाली बसला होता. रडून रडून डोळे लाल झालेले.

"मामा, तितं का बसलास?" गोजरा म्हणाली.

"सोडत न्हाईत गं पोरी."

"कोण सोडत न्हाई?"

"मी."

मामीनं पोटावर हात ठेवला.

"सगळी गेल्यावर मी एकटाच ऱ्हायलो," मामा सांगू लागला. "मग मी मला इचारलं, नावावर काही गुन्हा? म्हटलं, हाय. मग काय, म्हटलं, परत जा. आलो परत."

"अरे, मग न्हाई म्हणायचंस."

"कसं म्हणू? मला सगळं ठावं हाय की."

दौलतराव आपल्या दगडावर मटकन बसले. "महिनाभर मी ह्या नाक्यावर बसतोय," ते म्हणाले. "किती आले, किती गेले. विचारल्यावर खरं बोलला तो हा एकटा. आणि मी अडवला तोही हा एकटाच." त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

गोजरानं मात्र वेळ घालवला नाही. शालू वर खोचून ती ओढ्यात उतरली, मामाच्या काठावर गेली आणि त्याचा हात धरला. "मामानं भाचीला आणायचं असतं. आज भाची मामाला नेती. चल." ओढतच नेलं तिनं त्याला. बांबूपाशी मामा जरा थबकला, पण मामीनं मागं जाऊन ढकललं. भटजींनी वाटेतच मंगलाष्टकं सुरू केली आणि दोन जास्तीची म्हणून मुहूर्त सावरून धरला. मामानं गोजराला बोहल्यावर उभं केलं, अक्षता पडल्या, आणि तानुबाई पदरात तोंड घालून एकदाची मोकळी रडली.

पंगतीत दौलतराव मुद्दाम मामाशेजारी बसले.

"मामा, एक सांग. नाक्यावर तू एकटाच. स्वतःला सोडावंसं नाही वाटलं?"

"लई इनवण्या केल्या, साहेब. लेकराचं लगीन हाय म्हटलं, पाया पडलो. शेवटी गोजरासाठी आणलेला लाडूबी देऊन पायला."

"कुणाला?"

"मला."

"मग?"

"घेतला. खाल्ला. पन सोडलं न्हाई."

दौलतरावांना हसता हसता ठसका लागला. पंगतभर हशा पिकला. मामा तेवढा हसला नाही. त्यानं पानावरचा हात आखडता घेतला, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"हसू नका साहेब. लाच दिली, ह्यो एक गुन्हा. लाच खाल्ली, ह्यो दुसरा. म्हशीचा धरून तीन झालं." मामानं ओढ्याच्या दिशेनं पाहिलं. "आता मला बोरवाडीत तरी घेतील का हो?"