पिवळ्या स्प्रिंगची उडी

गाड्यांचे सुटे भाग आपसांत गप्पा मारायचे आणि माणसांना मात्र नुसती घरघर ऐकू यायची, त्या काळची गोष्ट. कोल्हापुरात यासीनमिस्त्रींनी एका लाल स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकावर नवी पिवळी स्प्रिंग बसवली. तिच्या वेटोळ्यांच्या मधोमध धक्के जिरवणारा नवा शॉकअप उभा होता. पोटात तेल आणि डोकं एकदम थंड.

मिस्त्रींनी सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी डिकी दाबून सोडली. गाडी बसली, उठली आणि थांबली. मिस्त्री खूश झाले, स्प्रिंग फुरंगटली.

"एकच उडी? दादा, तू मला धरतोस कशाला?"

"तेच माझं काम आहे, बाई."

"एका स्पीडब्रेकरला तरी सोड ना! एकदाच!"

तिने इतकं डोकं खाल्लं, की शॉकअप म्हणाला, "बरं, घे उडून."

मिस्त्री गाडी घेऊन चक्कर मारायला निघाले. स्पीडब्रेकर आला आणि स्प्रिंग उडाली! पुन्हा उडाली! आरशाला टांगलेली लिंबू-मिरची छताला आपटली, मिस्त्रींची टोपी नाकावर आली, स्प्रिंग खिदळत सुटली. तेवढ्यात वळण आलं. आता तिला थांबायचं होतं, पण थांबताच येईना. चाक रस्त्याला टेकेना, गाडी सरळ रसवंतीकडे निघाली.

"दादा, धर!" ती किंचाळली.

शॉकअपने धरलं. चाकाने रस्ता पकडला, गाडी झोकात वळली, रसवाला ग्लास हातात धरून बघतच राहिला.

पुढचा स्पीडब्रेकर दिसला.

"दादा, धरलंयस ना?"

"धरलंय."

"मग पळू दे की गाडी, सुसाट!"