पुढच्या सीटवरचा पाटा

एकदा एक सून घरच्या नव्या गाडीची तक्रार घेऊन एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे गेली. तक्रार एवढीच होती, की गाडी फार बोलते.

सुनेचं नाव त्रिशला. वय छत्तीस, तालुक्याच्या गावातल्या एका भुसार व्यापाऱ्याची ती सून. नवरा पुण्याला कारखान्यात नोकरीला. त्यानेच आईसाठी ही गाडी घेऊन दिली होती. त्रिशला सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची. आत्यांची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती, आणि आठवड्यातून तीनदा त्यांना चाळीस किलोमीटरवरच्या शहरात डायलिसिसला न्यावं लागे. ठेवलेला ड्रायव्हर दिवाळीनंतर न सांगता निघून गेला. त्याच्या जागी आलेला दोनदा उशिरा आला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. ती खेप चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचं तोंड असं सुजलं, की डोळे उघडेनात. त्रिशलाने त्या दिवशी ठरवलं, की आता गाडी आपणच चालवायची. माणसाचा जीव दुसऱ्याच्या सवडीवर टांगून ठेवायचा नाही.

सासरे नाही म्हणाले नाहीत, पण अट घातली. बाबालाल उस्ताद हो म्हणतील तेव्हाच आत्यांना घेऊन निघायचं. उस्ताद चौतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. गावातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी मान हलवली नाही तर गावात कोणी किल्ली हातात देत नसे, मग शिकणारा कितीही घाईत असो.

महिनाभरात त्रिशलाचा हात बसला. तोवर आत्यांच्या खेपांना दर वेळी मिळेल तो ड्रायव्हर धरावा लागे. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला ती शिकली, गल्लीत बैलगाडीला वाट द्यायला शिकली. घोडं अडलं ते गाडीच्या तोंडाशी.

पट्टा लावला नाही की टुंगटुंग. दार नीट लागलं नाही की टुंगटुंग. रस्त्यावरची पांढरी रेघ ओलांडली की स्टिअरिंग थरथरायचं. आता आपल्याकडे खड्डा चुकवायचा म्हणजे रेघ ओलांडावीच लागते, हे गाडी बनवणाऱ्याला कोण सांगणार? मागे घेताना फाटकाजवळच्या जास्वंदीची फांदी हलली, तरी माणूस चाकाखाली आल्यासारखी ती किंचाळायची. फार वेळ चालवली की समोर चहाच्या कपाचं चित्र उमटायचं. आत्या मागून म्हणायच्या, "घ्या, हिला चहा पाहिजे."

सासऱ्यांनी आपल्या परीने उपाय करून ठेवला होता. सीटच्या पट्ट्याला पुढे जी लोखंडी जीभ असते, तेवढीच बाजारातून आणून त्यांनी ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या खाचेत खुपसली होती. पट्टा नाही, काही नाही, पण गाडीला वाटावं की पट्टा लागला. आल्यागेल्याला ते ही जीभ कौतुकाने दाखवायचे. जीव वाचवणाऱ्या वस्तूला फसवायची वस्तू दुकानात टांगून विकतात आणि शहाणीसुरती माणसं ती घेतात, याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने आपल्या घरातली गाडी बघून ठरवावं.

त्रिशलाला तेवढ्यानेही भागेना. ती उस्तादांना म्हणाली, की मेकॅनिक सगळ्याच आवाजांच्या वायरी काढून द्यायला तयार आहे, तुम्ही फक्त मामांना सांगा. ही बया गप्प झाली की मी मुंबईपर्यंत चालवीन. हिच्या बडबडीनेच माझं लक्ष उडतं.

उस्तादांनी ऐकून घेतलं. दाढी खाजवली. मग विचारलं, "घरात जुना पाटा हाय का?"

पाटा होता. आत्यांच्या लग्नात आलेला, अर्ध्या मणाचा. मिक्सर आल्यापासून परसात धुण्याच्या दगडाशेजारी पडून होता. उस्तादांनी दोन हमाल बोलावले, पुढच्या रिकाम्या सीटवर पोतं अंथरलं आणि पाटा त्यावर ठेवायला लावला. खाचेतली लोखंडी जीभ काढून त्यांनी सासऱ्यांच्या हातावर ठेवली. "धरा शेट. पोत्याची शिवण उसवायला होईल."

सासरे म्हणाले, "उस्ताद, वय झालं तुमचं."

"माझं झालं, तुमचंबी झालं. पाट्याचं न्हाई झालं अजून."

नंतर त्यांनी आत्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आत्या हसल्या. उस्ताद त्यांच्या शेजारी बसले आणि त्रिशलाला फर्मान सुटलं. कालव्याच्या मोकळ्या रस्त्याने पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वेग तीसच्या वर न्यायचा नाही. पाट्याला पट्टा बांधायचा नाही, आणि आवाज बंद करायचा नाही.

गाडी निघाली आणि ओरडायला लागली. शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी तिची समजूत. दगड बसलाय हे तिला कोण सांगणार? पहिले दोन किलोमीटर त्रिशलाच्या डोक्याच्या शिरा तटतटल्या. म्हाताऱ्याने आपली थट्टा मांडली आहे, असं तिला वाटलं. पुढचे दोन किलोमीटर रडू आलं. मग तिला एक युक्ती सुचली. तिने मनातल्या मनात णमोकार मंत्र सुरू केला आणि नजर रस्त्यावर रोवली. दहा वेळा म्हटला, वीस वेळा म्हटला. हळूहळू टुंगटुंग लांब गेली, कोणाच्या तरी दुसऱ्याच गावची झाली, आणि एका क्षणी ती नाहीशीच झाली. गाडी ओरडत होती, पण त्रिशलाला काही ऐकू येत नव्हतं. आपण जिंकलो, या आनंदात ती पुलाकडे निघाली.

पुलाच्या अलीकडे म्हशींचा कळप रस्त्यावर चढला. त्रिशलाने ब्रेक दाबला. ब्रेक चांगलाच लागला, पण पाटा सीटवरून सरकला आणि धाडकन खाली आदळला. सीटवरचं वजन गेलं तशी गाडी गप्प झाली. इतका वेळ झाकलेली शांतता एकदम आत आली. त्या शांततेत मागून बारीक आवाज ऐकू आला.

"त्रिशला, थांबव गं. किती वेळा सांगू?"

तिने आरशात बघितलं. आत्यांनी पदर तोंडावर धरला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. त्रिशलाने गाडी कडेला घेतली, धावत जाऊन मागचं दार उघडलं. उस्ताद दुसऱ्या बाजूने उतरले. दोघांनी आत्यांना कालव्याच्या कट्ट्यावर टेकवलं. कोरड्या उमासे येत होते. त्रिशलाने पाण्याची बाटली दिली. आत्यांनी चूळ भरली आणि थुंकून टाकली. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं होतं आणि उमाशातही बाईला त्याचं भान होतं.

पाठ चोळता चोळता त्रिशलाने विचारलं, की कधीपासून हाक मारत होता.

"ही चौथी," आत्या म्हणाल्या. "पहिल्या दोन ह्या उस्तादांनी शिकवल्या म्हणून मारल्या. आंब्याच्या झाडाशी एक, मोटेच्या विहिरीशी एक. तिसरीपासून खरंच मळमळायला लागलं." आणि त्या आजारी बाईला हसू फुटलं. "मला वाटलं, आता हिला कसं कळायचं, की खेळ संपला?"

त्रिशलाने मान खाली घातली. तिने आधीची एकही हाक ऐकली नव्हती. पण उस्तादांची मान तिच्याहून खाली गेली होती.

म्हशी आपल्या वाटेने उतरून गेल्या. मग उस्ताद आत्यांसमोर खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आक्का, माफी असावी. हिला तरी ऐकूच आलं न्हवतं. मला तिन्ही ऐकू आल्या. तिसऱ्या वेळी मी मनात म्हटलं, वा, आक्का काय झकास नाटक करत्यात. मान वळवून तुमच्या तोंडाकडं बघितलंसुदीक न्हाई."

मग ते त्रिशलाकडे वळले. "लेकी, पाटा ठेवला तो तुला एक शिकवायला. कानाला एकच दार असतंय. गाडीसाठी लावलं आणि माणसासाठी उघडं ठेवलं, असं जमत न्हाई. तू आज मंत्र म्हणून लावलंस, उद्या वायर कापून लावशील, शेटनी ती जीभ खुपसून लावलं. दार लागलं की मागं बसलेल्याचा आवाजबी बाहेरच राहतो. एवढं सांगून मी मोठेपणा घेणार होतो. पण आज मीच एक शिकलो. ऐकलं म्हणजे झालं न्हाई. गाडीला दगड कळत न्हाई, वजन कळतंय. तिला जेवढं कळतं तेवढं ती सांगती, पुढं डोळ्यानं बघायचं काम आपलं. खोटं निघालं तर काय गेलं? मान दुखली. आमच्या यष्टीत एक दोरी आणि एक घंटी होती. वाजली की पाय ब्रेकवर. कुणी उगाच ओढली का, ते थांबल्यावर बघायचं. चौतीस वर्षं हेच केलं, आणि आज शहाणपण शिकवायच्या नादात इसरलो."

त्रिशला उठली, पुढचं दार उघडलं आणि खाली पडलेला पाटा उस्तादांच्या मदतीने पुन्हा सीटवर चढवला. पाट्याच्या धारेने पुढचं प्लास्टिक बोटभर फुटलं होतं. समोर कोणाचा गुडघा असता तर काय झालं असतं, ते तिला न सांगता समजलं. सुटा पडलेला दगड बांधा, असंच गाडी सगळा रस्ता ओरडत होती. गाडीचं चुकलं होतं ते फक्त नाव, दगडाला ती माणूस समजली होती. त्रिशलाने पट्टा ओढला, पाट्यावरून घेतला आणि खाचेत बसवला. खट्ट आवाज आला.

परत निघताना एक सायकलवाला पाट्याला पट्टा बघून इतका हसला, की त्याचा तोल गेला. त्रिशलाही हसली. गाडी निघताना पुन्हा टुंगटुंगली, पण या वेळी त्रिशला ना चिडली ना घाबरली. तिने थांबून बघितलं. मागच्या दारात आत्यांचा पदर अडकला होता. तो सोडवला, दार लावलं, आवाज थांबला. पुढे एका खड्ड्याशी स्टिअरिंग थरथरलं. तिने आरशात बघितलं, मागून कोणी येत नव्हतं. "ठाऊक आहे गं बाई," असं पुटपुटून तिने रेघ ओलांडली आणि खड्डा चुकवला. दोघींचं, म्हणजे तिचं आणि गाडीचं, हळूहळू जमायला लागलं होतं.

सासरे दुकानाच्या पायरीवर वाट बघत उभे होते. त्यांनी बांधलेल्या पाट्याकडे बघितलं, फुटलेल्या प्लास्टिककडे बघितलं आणि उस्तादांना विचारलं, की तुमचं हो आहे की नाही.

"मला इचारू नका शेट. आज मी नापास झालोय. मागं बसणाऱ्याला इचारा."

आत्या त्रिशलाच्या हाताला धरून उतरत होत्या. नवऱ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळचा स्वयंपाक तुम्ही बघा. हिला आठला निघायचंय."

सोमवारी आठला गाडी निघाली. पुढच्या सीटवर आत्यांची कागदपत्रांची पिशवी होती, मागे आत्या आडव्या टेकून बसल्या होत्या. जाताना सगळं सुरळीत झालं. चार तास सुई टोचून घेतल्यावर माणसाच्या अंगात त्राण उरत नाही, तशा आत्या परतताना डोळे मिटून पडल्या होत्या. अर्ध्या वाटेवर, उसाच्या गाड्यांची रांग ओलांडून झाल्यावर, त्यांनी ओठातल्या ओठात म्हटलं, "त्रिशला."

गाडीने दिवा दाखवला, कडेला गेली आणि थांबली.

"काय झालं आत्या?"

"काही नाही गं. ऐकू येतंय का, ते बघितलं."

त्रिशला तरीही उतरली. तिने मागचं दार उघडलं, आत्यांचा चेहरा नीट बघितला, पावलावर बोट दाबून सूज आहे का ते बघितलं, अंगावरची शाल वर ओढली. सगळं ठीक होतं. मग ती पुढे जाऊन बसली आणि तिने गाडी सुरू केली.