फोन घेणारीचा पगार

एकदा एक व्यापारी आपली वेबसाइट विकायला निघाला. दुकान नव्हे, गोदाम नव्हे, वेबसाइटच. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असे, ती माणसे तिच्यावरच्या क्रमांकाला फोन करीत. व्यापारी ती चौकशी रुग्णसेविका पुरवणाऱ्या संस्थांना कळवी, आणि काम ठरले की संस्थेकडून मोबदला घेई. आठ वर्षे हा व्यवसाय बरा चालला. मग त्याच्या पत्नीलाच, उज्ज्वलाला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या काही महिन्यांत जेवढे उपचार कराल, तेवढेच पदरात पडेल."

घरात शिल्लक नव्हती. धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा त्याने कधी वेगळा ठेवलाच नाही. जे येई ते एकाच खात्यात येई आणि त्यातूनच जाई. त्यातून गाडी आली, मेहुणीच्या लग्नात आहेर झाला, गच्चीवर पत्र्याचे छप्पर झाले. आरोग्यविमा मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर गेला.

अशा वेळी एका खरेदीदाराने वेबसाइटला महिन्याच्या नफ्याच्या तीसपट किंमत देऊ केली. अट एवढीच, की जाणत्या माणसाने हिशेब तपासून मूल्य लिहून द्यावे. व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. त्यांनी त्याला महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवले होते आणि बाजारात त्यांच्या सहीला मान होता.

"सर, महिन्याला चाळीस हजार नफा आहे. तीसपट म्हणजे बारा लाख. तुमची सही झाली की उज्ज्वलाला मोठ्या रुग्णालयात नेतो."

गुरूंनी कागदावरून नजर फिरवली. "हे आकडे गेल्या महिन्यापर्यंतचे आहेत. या महिन्याचे?"

"हा महिना धरला नाही, सर. घरात आजारपण, माझं लक्ष नाही..."

"वेबसाइटचा फोन आणला आहेस?"

"आहे."

"इथे मेजावर ठेव. आता जो पहिला फोन येईल, तो माझ्यासमोर घे."

शिष्याला हे विचित्र वाटले. तिकडे उज्ज्वला शेजारणीच्या भरवशावर होती, आणि इथे सर फोनची वाट पाहत बसले होते. पण सही त्यांची हवी होती. तो बसला.

फोन वाजला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. आवाज कापत होता.

"रुग्णाचं वय?" शिष्याने विचारले. "भाग कोणता? दिवसाची बाई हवी की रात्रीची?"

"मागे माझ्या बहिणीच्या वेळी एक बाई बोलल्या होत्या," गृहस्थ म्हणाले. "त्यांनी आधी विचारलं, तुम्ही स्वतः किती रात्री झोपला नाहीत? त्या नाहीत का?"

"त्या... नाहीत."

"बरं, बघतो मग," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शिष्य खाली पाहत राहिला. गेले तीन आठवडे असेच चालले होते, आणि त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते.

गुरूंनी लेखणी उचलली, नफ्याच्या आकड्याखाली एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. 'फोन घेणारीचा पगार.'

"अरे, सगळ्यांचे देणे देऊन उरते, तो नफा. तू जाहिरातीचा खर्च लिहिलास, वीज लिहिलीस, चहासुद्धा लिहिलास. सकाळपासून रात्रीपर्यंत जिने परक्यांचे रडणे ऐकले, तिची मजुरी कुठे आहे? तिच्या जागी दोन पाळ्यांत दोन माणसे ठेव, बत्तीस हजार जातील. तुझ्या कामाचे दहा. चाळीसातून बेचाळीस गेले. तू ज्याला नफा म्हणत होतास, ते तिचे न दिलेले वेतन होते. आठ वर्षे ते घरात खर्च झाले, आणि आज त्याचीच तीसपट करून विकायला आणले आहेस. घेणाऱ्याला वेबसाइट मिळेल. उज्ज्वला कशी मिळेल?"

शिष्याने हात जोडले. "सर, एवढी ओळ खोडून टाका. फोन कोण घेतं, हे तो विचारणारही नाही."

"त्याला विचारता येत नाही, म्हणूनच त्याने मला विचारले आहे."

"मग तिच्या उपचारांचं काय?"

गुरूंचे डोळे भरून आले.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मूल्य मला काढता येते, बाळ. उपाय माझ्यापाशी नाही."

त्यांनी वेबसाइटच्या नावाचे आणि इतक्या वर्षांच्या ओळखीचे मूल्य दीड लाख लिहिले आणि सही केली. तेवढ्यालाच ती विकली गेली.

तो पैसा उपचारांना चार महिने पुरला. उज्ज्वला उठून बसू लागली. पण बोलायला जाई, तेव्हा तोंडातून नुसता घोगरा स्वर निघे. मोठे रुग्णालय राहूनच गेले. शिष्याने एका धान्याच्या पेढीवर नोकरी धरली. पहिला पगार हाती आला तशी त्याने रिक्षा केली आणि उज्ज्वलाला आधार देत बँकेत नेले. तिच्या नावाने वेगळे खाते उघडायचे होते.

"यांचा व्यवसाय?" अधिकाऱ्याने विचारले.

'घरीच असते' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. आठ वर्षे तो हेच सांगत आला होता. त्याने ते गिळले.

"धंदा हिचाच होता," तो म्हणाला. "मी फक्त हिशेब ठेवत होतो. तोही चुकीचा."

अधिकाऱ्याला काही समजले नाही. उज्ज्वलाला समजले. तिने त्याच्याकडे पाहिले, काही म्हणण्यासाठी ओठ हलवले आणि शब्द येत नाही असे दिसताच मान दुसरीकडे वळवली. त्याने तिचा डावा अंगठा हातात घेतला, शाईवर टेकवला आणि जपून कागदावर उमटवला.