मांत्रिकाचे जड पारडे

एका राज्यात सगळे काही खरे होते, फक्त दरबारातला तराजू खोटा होता. तो कालकेतू मांत्रिकाने आणला. त्याने राजा सुवीरसेनाशी पैज लावली: तीन तोल करायचे, ज्याचे पारडे जड तो जिंकला, आणि शेवटचा तोल हरेल तो पक्षी होईल. राजा हरला, पोपट झाला आणि दरबाराच्या तुळईवर जाऊन बसला. कालकेतू सिंहासनावर चढला. पुढे जो जो वीर त्याच्याशी भिडला, त्याला त्याला पंख फुटले. मग कुठेही चढाओढ लागली, की लोक एकमेकांना हळूच विचारू लागले, "पारडे कुणाचे जड?" म्हणजे सरशी कुणाची होणार, असा त्याचा अर्थ.

राणी इरावतीने पोपटाला तराजूचे गुपित विचारले.

पोपट म्हणाला, "त्याचे पारडे मंतरलेले आहे. रिकामे असले तरी खालीच जाणार."

दुसऱ्या दिवशी राणीने भर दरबारात पैज मागितली. तिची एकच अट होती, तिसऱ्या तोलाचा नियम ती सांगेल. कालकेतू हसला आणि अग्नीसमोर शब्द देऊन बसला. मांत्रिकाने असा शब्द मोडला, तर तो जागीच भस्म होई.

पहिल्या तोलाला राणीने आपले सगळे दागिने पारड्यात घातले, कालकेतूने एक फुटाणा टाकला. फुटाणा जड भरला. दुसऱ्या तोलाला तिने देवळाची घंटा चढवली, त्याने वाळके पान ठेवले. पान जड भरले. राणी मागे हटली नाही. तिने लोहाराची ऐरण आणवून आपल्या पारड्यात चढवली आणि ती म्हणाली,

"या तोलाला हलके पारडे जिंकेल."

कालकेतूचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने एक पीस टाकले. पीस पडताच पारडे धाडकन खाली गेले, फरशी तडकली, ऐरण उंच लटकली! त्याच्या बोटांच्या टोकांना पिसे फुटू लागली. जीव घाबरा होऊन त्याने आपलाच मंत्र उलटा म्हटला. ऐरण दणकन खाली आली, पीस वर गेले. तिसरा तोल तोच जिंकला.

पण मंत्र सुटला तशी सगळी जादूही सुटली. तुळईवरून, झाडांवरून, कळसांवरून माणसे उतरू लागली. शिपायांनी कालकेतूला वेशीबाहेर घालवले. सुवीरसेन अजून मान वाकडी करून बघत उभा होता. राणी हसली, रडली, आणि म्हणाली,

"महाराज, सिंहासन रिकामे आहे."